बोटीच्या डेकला खरा साग लावावा की प्लॅस्टिकचा? (फायबर बोट, ३२ फूट, देवबाग, मालवण)

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. बोट फायबरची आहे, ३२ फूट लांब आणि ९ फूट रुंद. ऑक्टोबर ते मे पर्यटकांच्या फेऱ्या चालतात, जूनला बोट वर ओढून झापांच्या मांडवाखाली ठेवतो. डेकवरचा रंग झिजून गुळगुळीत झालाय, ओल्या पायांनी माणसं घसरतात. हॅच (डेकमधली झाकणाची तोंडं) आणि बाकांच्या जागा वगळून १४ चौरस मीटर भरतं, म्हणजे साधारण १५० चौरस फूट. डेकची रचना फायबर, मध्ये १२ मिमी प्लाय, खाली पुन्हा फायबर अशी आहे.

समोर तीन गोष्टी आहेत. १० मिमी जाडीच्या खऱ्या सागाच्या पट्ट्या, सागासारख्या दिसणाऱ्या ५ मिमी पीव्हीसीच्या पट्ट्या, किंवा मागे गोंद असलेली ६ मिमी ईव्हीए फोमची शीट. विचारायचं ते हे: उन्हात अनवाणी पायांना काय सोसवतं? वजन किती वाढतं? पावसाळ्यातले चार महिने कशाला त्रास होतो? आणि वखारवाला साग 'बर्मा', म्हणजे म्यानमारचा आहे म्हणतो, त्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

रंधा_पटाशी:
वर काय लावायचं ते नंतर बघू. आधी खालचा प्लाय जिवंत आहे का ते पाहा. जुन्या डेकवर नवीन साग चढवून दोन वर्षांत सगळं उखडावं लागतं, त्याचं कारण बहुतेक वेळा साग नसतो, आत कुजलेला प्लाय असतो.

पेचकसाच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दर चार इंचांवर टकटक करत जा. धड जागी कोरडा, कडक आवाज येतो. पाणी शिरलेल्या जागी आवाज बसका, भद्द येतो. तशा जागांना खडूने घेरा घाला. सगळ्यात संशयाच्या जागा म्हणजे दोर बांधायच्या खुंटांचे बोल्ट, रेलिंगचे पाय आणि हॅचच्या कडा. घेरा घातलेल्या जागी खालच्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडून भुसा हातात घ्या. फिका, कोरडा भुसा असेल तर ठीक. काळपट आणि चिमटीत गोळा होणारा असेल तर वरचं फायबर कापून तेवढा प्लाय बदलायलाच हवा. भोक वरून पाडू नका, पाण्याला आणखी एक वाट मिळते.

हे निस्तरल्याशिवाय पैसे खर्च करू नका. आणि साग लावलात तरी डेकमध्ये एकही स्क्रू कायमचा ठेवायचा नाही. जुन्या पद्धतीत दर फुटाला स्क्रू मारून वर लाकडी बूच बसवत. १४ चौरस मीटरला अशी हजाराच्या आसपास भोकं होतात. बूच झिजून पातळ झालं की स्क्रूच्या अंगाने पाणी थेट प्लायमध्ये उतरतं. पूर्वी आपल्याकडे डेकच लाकडाचं असायचं, तेव्हा ते चालून जायचं. फायबरच्या बोटीत हे चालत नाही.

आता 'बर्मा'. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपने निर्बंध घातले. त्यामुळे वखारीत 'बर्मा' म्हणून सांगितला जाणारा माल कधी आफ्रिकेतला निघतो, कधी दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा. नावावर भांडू नका. बिल आणि वाहतुकीचा पास मागा आणि लाकूड स्वतः पारखा. आपला बल्लारशा-आलापल्लीकडचा साग चांगला निवडून घेतला तर डेकला उत्तम.

पारख अशी करा. फळीचं टोक रंध्याने साफ करून ओलं करा. वर्षाच्या कड्या फळीच्या रुंद बाजूशी ४५ ते ९० अंशांत उभ्या दिसल्या पाहिजेत. उभ्या रेषेची फळी आडव्या रेषेच्या फळीच्या मानाने जवळपास निम्मीच आकसते-फुगते, आणि तिची सालपटं उठत नाहीत. आडव्या रेषेच्या फळीची पापुद्र्यासारखी धार उठते आणि ती अनवाणी पायात शिरते. सालीलगतचा पांढरा भाग एक इंचही घेऊ नका, तो समुद्रावर टिकत नाही. एका इंचात चार-पाचच कड्या असतील तर ते घाईने वाढलेलं झाड. असा साग घरातल्या कपाटाला ठीक, डेकला नको.

चौथी_भरती:
लाकडाचं वर आलंच आहे, मी पीव्हीसीचं सांगतो. त्याआधी एक गैरसमज काढू, की प्लॅस्टिक हलकं असतं. हिशोब करून बघा. साग घनमीटरला साधारण ६५० किलो. १४ चौरस मीटर गुणिले १० मिमी, त्यातली दहा टक्के जागा फटींची, म्हणजे लाकूड ८० किलोच्या आसपास. फटींत भरायचा रबरासारखा मसाला दहा-बारा किलो, खालचा चिकट थर वीसेक किलो. एकूण ११० किलो धरा. भरीव पीव्हीसी ५ मिमी जाडीला चौरस मीटरला साडेसहा-सात किलो भरतं, म्हणजे ९०-९५ किलो, अधिक तोच चिकट थर. सागाच्या बरोबरीलाच आलं! आत फेस असलेलं, साडेचार किलोच्या आसपासचं हलकं पीव्हीसी मिळतं. ते घेतलं तर तीसेक किलोंचा फरक पडतो. खरंच हलकं आहे ते ईव्हीए, अख्ख्या डेकला वीस किलोच्या आत.

प्रवासी बोट आहे, तेव्हा ११० किलो म्हणजे जवळपास दोन माणसं कायमची डेकवर उभी, तीही पाण्याच्या वर. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्व्हेयरला काम सुरू करण्याआधी सांगा. माणसांची संख्या ठरवताना स्थिरता बघितली जाते. नंतर सांगायला गेलात तर दोन सीट कमी होतील.

आता ऊन. पीव्हीसी तापतं, आणि कोवळ्या सागासारखा तपकिरी रंग घेतलात तर एप्रिल-मेमध्ये दुपारी त्यावर पाय टेकवत नाही. लाकडात बारीक पोकळ्या असतात, ते उष्णता पायाला सावकाश देतं. पीव्हीसी भरीव, ते झटकन देतं. जुन्या, करड्या पडलेल्या सागासारखी फिकट छटा मिळते, ती घेतली तर बराच फरक पडतो. कॅटलॉगवर जाऊ नका. एक-एक फुटाचे नमुने मागवा, खालून फायबरच्या तुकड्यावर चिकटवा, दुपारी बारा ते तीन पत्र्यावर ठेवा आणि अनवाणी उभं राहून बघा. सोबत आत्ताचा पांढरा रंग लावलेला एक तुकडाही ठेवा, म्हणजे तुलना खरी होईल.

पीव्हीसीचा मोठा फायदा पावसाळ्यात. पाणी पीत नाही, बुरशी वरच्या वर धुतली जाते. झिजून गुळगुळीत झालं की ४० ते ६० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीच्या दिशेने हाताने फिरवला की पुन्हा खरखरीत.

खोट कुठे? रबर. डेकवर काळी रबरी मॅट, टायरचं फेंडर किंवा काळ्या सोलच्या चपला पडून राहिल्या की तपकिरी डाग बसतो. रबरातली द्रव्यं पीव्हीसीत उतरतात, तो डाग वरचा नसतोच, घासून जात नाही. आणि कडा. पीव्हीसी उष्णतेने लाकडापेक्षा कितीतरी जास्त लांब-आखूड होतं. नीट चिकटवलेलं असेल तर थर ते ओढून धरतो, पण कडेला दोन इंच जरी पोकळ राहिलं तरी पहिल्याच उन्हाळ्यात तिथून वर वळतं.

खाडीकाठ:
खूप आभार. टकटक करून पाहिलं, डाव्या अंगाला एका खुंटाभोवती दीड फूट भद्द आवाज येतोय. तो भाग उघडतो. ईव्हीए एवढं हलकं आणि स्वस्त असेल तर तेच का नको? बसवायलाही सोपं दिसतं, मागचा कागद काढला की झालं.

उधाण:
ईव्हीए बारक्या खासगी स्पीडबोटीला. दिवसातून सहा फेऱ्या मारणाऱ्या पर्यटक बोटीला नको. पायाला मऊ, थंड आणि ओलं असताना पकड उत्तम, हे सगळं खरं. पण नांगराचा दात, गळाचा हूक, हील, बाकाचा लोखंडी पाय, कशानेही फाटतं किंवा खळगा पडतो. कडक उन्हात रंग उतरतो, शीट आकसते आणि जोडांत फट दिसायला लागते. त्या फटीत वाळू आणि मीठ शिरलं की गोंद सुटतो. शिडीच्या पायऱ्यांवर किंवा चालकाच्या पायाखाली एक तुकडा लावा, तिथे ते शोभतं.

आणि कोणी विचारत नाही तो चौथा पर्याय सांगतो, वाळू घातलेला रंग. १४ चौरस मीटरला सगळ्यात स्वस्त आणि वजन नगण्य. जुना रंग ८० नंबरने घासून काढा, इपॉक्सी प्रायमर द्या, मग दोन भागांचा (दोन डबे मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग जाड हाताने लावा आणि तो ओला असतानाच गाळणीने कोरडी क्वार्ट्झ वाळू एकसारखी पसरा, दिसायचा रंग पूर्ण झाकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी न चिकटलेली वाळू झाडून घ्या आणि वर दोन पातळ हात द्या. वाळू पाण्याच्या फिल्टरसाठी मिळते ती घ्या, ०.३ ते ०.६ मिमी. किनाऱ्यावरची वाळू कधीच नको, कितीही धुतली तरी. तिच्यातलं मीठ रंगाखाली पाणी ओढतं आणि फोड येतात. रंग पांढरा शुभ्र नको, डोळे दिपतात. फिकट क्रीम घ्या.

दिसायला सागासारखं नाही, हे मान्य. पण पर्यटक डॉल्फिन बघायला येतात.

रंधा_पटाशी:
उधाणभाऊ, शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. वाळूच्या रंगावर लहान मूल पडलं तर गुडघा सोलतो, तेही सांगायला हवं. बसायच्या जागेभोवती वाळू बारीक घ्या किंवा तेवढी जागा सोडा.

खाडीकाठ, कोणी साग करायचाच ठरवला तर माप आणि क्रम लिहून ठेवतो, पुढे कोणाच्या तरी कामाला येईल.

पट्टी ४५ मिमी, फट ५ मिमी. १४ चौरस मीटरला २८० मीटर पट्टी लागते. निव्वळ लाकूड साडेचार घनफूट, पण उभी रेष, पांढरा भाग, गाठी आणि करवतीचा भुसा सोडता सोडता अडीचपट जातं. अकरा-बारा घनफूट विकत घ्या. ओलावा मीटरवर १० ते १२ टक्के यायला हवा. मालवणच्या हवेत ते डिसेंबर-जानेवारीत जमतं, ऑगस्टमध्ये नाही. दमट असताना फळी लावली की जानेवारीत आकसून मसाला एका बाजूने सोडते.

फटीतला मसाला: ५ मिमी रुंद, ६ मिमी खोल, २८० मीटर, म्हणजे ८.४ लिटर. ३०० मिलीच्या २८ नळ्या, वाया जाणाऱ्या धरून ३३ मागवा. डेकच्या फटींसाठीचाच घ्या, सिकाफ्लेक्स २९० डीसी किंवा त्या जातीचा. साधं सिलिकॉन डेकजवळसुद्धा आणू नका. एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरत ना गोंद. खाली चिकटवायला चौरस मीटरला सव्वा लिटर धरा.

बोटीच्या मध्यरेषेवर दोरा ताणून सुरुवात करा, पट्ट्या दोन्हीकडे सारख्या जायला हव्यात. प्रत्येक पट्टीची खालची बाजू अ‍ॅसिटोनने पुसा, कारण सागात स्वतःचं तेल असतं. पुसल्यावर तासाभरात चिकटवा, दुसऱ्या दिवशी नको, तेल पुन्हा वर येतं. खाचांच्या पत्र्याने थर ओढा, एका वेळी एक चौरस मीटरच. आपल्याकडे हवेत दमटपणा एवढा की एका भागाचा (काही न मिसळता वापरायचा) पॉलियुरेथेन गोंद लवकर साय धरतो, आणि साय धरलेल्यावर पट्टी ठेवली की ती नुसती टेकते, चिकटत नाही. वर वाळूच्या पिशव्या. वाकवायच्या पट्टीला फटीत तात्पुरता स्क्रू आणि रुंद वॉशर चालेल, पण दुसऱ्या दिवशी काढून भोक इपॉक्सीने बुजवा.

फट भरण्याआधी तळाला न चिकटणारी बारीक टेप घाला. याला लोक कंटाळतात आणि तिथेच काम बिघडतं. मसाल्याने फक्त दोन बाजू धरायच्या, म्हणजे लाकूड हललं की तो ताणतो. तळही धरला तर ताणायला जागाच उरत नाही आणि तो मधोमध फाटतो. भरायची वेळ दुपारी चारनंतरची. सकाळी भरलात तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि मसाल्यात बुडबुडे धरतात. उतरत्या उन्हात हवा आत ओढली जाते. निदान आठवडा हात लावू नका, मग ८० आणि १२० नंबरने समतल करा.

तेल लावू नका. टीक ऑइल लावलेला डेक पावसाळ्यात काळा पडतो, बुरशीला तेच खाद्य. उंडीचं तेल आपल्या लाकडी होड्यांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण ते होडीच्या अंगाला. पाय पडायच्या डेकवर ते चिकट होऊन धूळ धरतं. सागाला करडा पडू द्या. समुद्राच्या पाण्याने, मऊ ब्रशने, रेषेला आडवं धुवा. रेषेच्या दिशेने घासलं की मऊ भाग निघून पन्हळी पडतात. प्रेशर वॉशरने वर्षाचं काम एका दुपारी होतं, म्हणजे वर्षभराची झीज. मांडवाखाली ठेवताना ताडपत्री डेकला टेकू देऊ नका, बांबूवर फूटभर उचलून धरा आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा.

चौथी_भरती:
यावरून आठवलं. १० मिमी साग आणि सव्वा मिमी थर म्हणजे डेक साधारण ११ मिमी वर येणार. हॅचची झाकणं, केबिनच्या दाराचा उंबरा, पाणी वाहून जायची भोकं, सगळ्याचं माप बदलतं. खुंट काढून पुन्हा बसवायला बोल्ट तेवढे लांब घ्यावे लागतात. पीव्हीसीलाही हेच, फक्त साधारण ६ मिमी. खुंट जुन्याच जागी ठेवून भोवती कापत बसू नका, पाणी नेमकं तिथेच थांबतं.

खाडीकाठ:
ठरवलंय असं: माणसं चालतात-बसतात तिथे फिकट करड्या रंगाचं हलकं पीव्हीसी, साधारण ९ चौरस मीटर. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराच्या जागी वाळूचा रंग. शिडीच्या पायऱ्या आणि हाताच्या कठड्याची वरची पट्टी खऱ्या सागाची. पीव्हीसी बसवताना काय सांभाळू?

चौथी_भरती:
जमेल. माल साडेदहा चौरस मीटर घ्या. आधी तपकिरी कागदाचा पूर्ण साचा काढा, त्यावर मध्यरेषा, हॅचच्या कडा, नाळेकडचा बाण आणि 'वरची बाजू' असं मोठ्या अक्षरात लिहा. उलटा कापलेला तुकडा परत घेतला जात नाही. आतले कोपरे काटकोनात कापू नका, निदान २० मिमीची गोलाई द्या, चीर तिथूनच सुरू होते. रोल असेल तर उलगडून एक रात्र सावलीत सपाट ठेवा.

डेकवरचा जुना रंग पूर्ण काढून फायबरपर्यंत या, ६० नंबरने घासा, अ‍ॅसिटोन दोन वेळा, प्रत्येक वेळी नवीन फडकं. रंगावर चिकटवलंत तर जोड रंगाइतकाच मजबूत, आणि तुमचा रंग तर आधीच झिजलाय. बोट मांडवात असताना, सकाळी, डेक हाताला गार लागत असताना काम करा. मधून कडेकडे जड रोलर फिरवा, हवा बाहेर ढकला, कडांवर चोवीस तास वाळूच्या पिशव्या. भोवताली ५ मिमी फट सोडून ती मसाल्याने भरा.

चिकटवायच्या ट्यूबच्या मागची तारीख दुकानातच वाचा. एका भागाचा पॉलियुरेथेन दमट गोदामात बंद ट्यूबमध्येसुद्धा घट्ट होत जातो. ट्यूब दाबून बघा, आत खडा लागला तर परत करा.

खाडीकाठ:
आणि काळ्या रबरी मॅट?

चौथी_भरती:
काढा. चपला ठेवायला गँगवेशी (चढ-उतरायच्या जागी) काथ्याचं पायपुसणं ठेवा, मालवणात कुठेही मिळतं.